जुळत नाही

मामा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचे आणि गिऱ्हाइकांवर डाफरायचे. "हलक्या दांडीला हे ताठ सुईचं कार्ट्रिज? मांजराला घोड्याची नाल ठोकता का?"

मामी गेली. तिच्या आवाजाची एकच तबकडी मागे उरली, लग्नानंतर हौसेने भरून घेतलेली. ती नीट ऐकू यावी म्हणून मामा दांडीच्या टोकाला सुई धरणारी कार्ट्रिजं बदलत राहिले. एक दांडीला जड होतं, दुसरं ताठ, तिसऱ्यात म्हणे शब्दच उमटत नव्हते. आम्ही म्हणायचो, म्हातारा भारी चिकित्सक. हाकेला ओ देईनासे झाले, तेव्हा तुसडेही ठरवून मोकळे झालो.

शेवटी वैतागून मीच दुकानात दांडीचं वजन सांगून तिला जुळणारं, मऊ सुईचं कार्ट्रिज आणलं. मामांनी ते बसवलं, भार तोलला आणि सुई अलगद टेकवली. मामीचा आवाज खोलीभर लख्ख घुमला, "अहो, ऐकू येतंय का?"

मामा स्पीकरला कान लावून बसले होते.

"छे," ते म्हणाले, "हेही जुळत नाही." आणि त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.