पाच हजार पाचशे तिसाव्या सालचा बाक

सकाळी सात चाळीसला जेरुसलेममधल्या मुलींच्या शाळेत मोरा, म्हणजे शिक्षिका, झोहारा तोबोल आठवीच्या वर्गात बाक ओढत होती. हा बाक लांब होता, बिनपाठीचा, शहरातल्याच एका बंद पडलेल्या प्रार्थनाघरातून आणलेला. फरशीवर तो इतका करकरे की खालच्या मजल्यावरच्या मुलींना कळे, आज वर इतिहास आहे.

ओढून झाल्यावर तिने पुठ्ठ्याच्या पाट्या मांडल्या. प्रत्येक पाटीला गळ्यात घालायची दोरी. आजचं साल ज्यू पंचांगाचं ५५३०, म्हणजे बाहेरच्या जगाचं १७७०. पहिली पाटी विल्नाच्या गाओनांची. लिथुएनियाचे ते थोर धर्मपंडित त्या साली पन्नाशीचे होते. मग रशियाची राणी कॅथरीन, चौदा वर्षांचा मोझार्ट, अमेरिकेतला वॉशिंग्टन. शेवटची पाटी नेहमी कोरी असे. मुलींनी घरी विचारून, आपलं घराणं ज्या देशातून आलं तिथला त्या सालचा कोणीतरी आणायचा.

हा खेळ तिचा स्वतःचा. तिचे वडील मोरोक्कोतल्या फेस शहरातले. मध्ययुगातले थोर ज्यू पंडित आणि वैद्य रामबाम गेल्याच आठवड्यात गल्ली सोडून गेल्यासारखे ते त्यांच्याबद्दल बोलत. संतांना तारखा असतात हे झोहाराला मोठेपणीच कळलं. रामबाम कैरोत रोगी तपासत होते तेव्हा सलाहुद्दीन राज्य करत होता आणि तिकडे मंगोलियात चंगेझखान वाढत होता, हे वाचलं त्या दिवशी ती बसमध्ये उतरायचा थांबा चुकली होती. पुढे शिक्षिका झाल्यावर एका मुलीने विचारलं, "मोरा, रामबाम काळी हॅट कुठल्या दुकानातून घ्यायचे?" मुलीच्या डोक्यात आठशे वर्षांपूर्वीचे रामबाम तिच्या आजोबांसारखेच दिसत होते. दुसऱ्या दिवशी झोहाराने बाक आणला. तेव्हापासून तिच्या हाताखालून गेलेल्या मुलींना इतिहासाचं साल सांगितलं की आकडा नाही, माणसं दिसतात.

मुख्याध्यापिका गीटल दारात आल्या. त्यांचा चेहरा पाहूनच झोहाराने पाट्या खाली ठेवल्या.

"रेब झेलिग येताहेत," गीटल म्हणाल्या. "आठवीतल्या ब्रायनाचे आजोबा. शनिवारी शब्बाथच्या जेवणात ब्रायनाने सांगितलं, गाओन आमच्या वर्गात राणीशेजारी बसतात. म्हाताऱ्याने चमचा ठेवला तो पुन्हा उचलला नाही."

"चोलेंतचं कालवण वाया गेलं म्हणायचं."

"चेष्टा पुरे. त्यांचे पूर्वज गाओनांचे शिष्य. विल्नाहून इथे आले ते गाओनांच्या शब्दाखातर. त्यांनी तोंड उघडलं तर पुढच्या वर्षी पंधरा मुली दुसऱ्या शाळेत जातील. आज ते ऐकतील. नाराज होऊन उठले तर बाक तळघरात आणि तुम्ही पाठ्यपुस्तकातून. मला दुसरा रस्ता ठेवलेला नाही त्यांनी."

रेब झेलिग वर्गात आले नाहीत, मुलींच्या वर्गात कर्मठ पुरुष येणार कसा? बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून दाराकडे कान करून बसले. पट्ट्यापट्ट्यांचा झगा, गुडघ्यांवर काठी आडवी.

तास सुरू झाला. मुली आपापल्या पाट्या घालून बाकावर बसल्या. ब्रायना गाओन होती. ती शेवटी दारातून येऊन बसते न बसते तोच बाहेर काठी आपटली.

"मोरा! गाओन आत आले आणि एकही उठलं नाही? माझ्या घरात शेजारचा भाजीवाला म्हातारा आला तरी पोरं उभी राहतात!"

 गीटल व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटले.

 पंडित समोर आला की उठायचं, हे झोहाराने स्वतः पहिलीच्या मुलींना शिकवलं होतं. आणि एवढी वर्षं ती या बाकावर पंडितांना नुसतीच आणून बसवत होती.

"बरोबर आहे रेब झेलिग. माझं चुकलं," ती म्हणाली. "ब्रायना, बाहेर जा. पुन्हा ये."

ब्रायना पुन्हा आली. राणी उठली, मोझार्ट उठला, वॉशिंग्टन पाटी सावरत उठला.

"हं," बाहेरून आवाज आला. "पण राणीचं काम काय तिथे?"

"तेच विचारते तुम्हाला. राजा रस्त्याने चालला असेल तर आपण काय करायचं, शास्त्र काय सांगतं?"

 बाहेरून नाखुशीने उत्तर आलं, "धावत जाऊन पाहायचं."

"आपलाच राजा?"

"परक्यांचासुद्धा. आणि देवाने आपल्या वैभवातलं थोडं माणसाला दिलं, म्हणून आशीर्वचन म्हणायचं." काठी पुन्हा आपटली. "पण गाओन नव्हते धावणाऱ्यांतले! अभ्यासात खंड पडेल म्हणून खिडकीसुद्धा उघडत नसत."

"झेडे," ब्रायनाने बाकावरूनच आजोबांना हाक मारली, "मग त्यांनी राजा पाहायचा कसा?"

 बाहेरून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. ते हसू होतं हे मुलींना उशिरा कळलं.

"मग राजालाच त्यांच्याकडे आणून बसवायला हवं," ते म्हणाले. "राणीला पाहून आशीर्वचन म्हणायचं की नाही, ते घरी रात्रभर बोलू. पुढचा कोण?"

"वॉशिंग्टन."

"राजा होता?"

"त्या साली नुसता गहू पिकवणारा जमीनदार."

"मग बसू दे कडेला. शेवटची पाटी कोणाची?"

अविगाइल पेणकर उठली. तिचं घराणं कोकणातून आलेलं. "माधवराव पेशवे. आजीने सांगितलं. पंचवीस वर्षांचे होते."

"राजा?"

"राजा साताऱ्याला. पण कारभार सगळा यांच्याच हातात."

"कारभाराचं सोड. कोणाला न विचारता मृत्युदंड देऊ शकत होता?"

"आजी म्हणते, हत्तीच्या पायी देत."

"झालं तर! ज्याच्या हाती मृत्युदंड, तो शास्त्राला राजाच. आशीर्वचन म्हणायला हरकत नाही," रेब झेलिगनी निकाल दिला, आणि वर्गात इतका हशा पिकला की शेजारच्या वर्गाने भिंत ठोकली.

तास संपल्यावर ते उठले. झोहाराकडे न पाहता गीटलना म्हणाले, "गाओन आणि राणी यांच्यात एक जागा मोकळी सोडायची. आणि उठणं विसरायचं नाही. बाकी मला काही म्हणायचं नाही."

ते जिना उतरून गेले. गीटलनी आत येऊन बाकाचं एक टोक धरलं. "उद्या कुठल्या वर्गात?"

"सातवीत. तिसऱ्या तासाला."

उद्या बुधवार. तिसरा तास दहा वाजता सुरू होतो. सातवीत साल ५३२५, म्हणजे १५६५: त्सफात गावचे धर्मशास्त्रकार रब्बी योसेफ कारो आत येतील, आणि बावीस वर्षांच्या अकबर बादशहाला उठून उभं राहावं लागेल.