कॉम्प्युटरचं कपाळ

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडं सुटे स्क्रू आणि किस्से, दोन्ही न मागता साठतात. स्क्रू गरजेला सापडत नाहीत. किस्से मात्र चहा आला की आपसूक वर येतात. शाहूपुरीत मी आणि दत्तूनं दुकान टाकलं तेव्हा फ्लॉपीचा जमाना होता. मी गोड बोलून गिऱ्हाईक आणायचो, दत्तू त्यांच्यावर ओरडत मशीन चालू करायचा. झकास चाललं होतं आमचं!

एका वकीलसाहेबांचा कॉम्प्युटर सुरू होईना. दत्तूनं जाऊन बघितलं, तर आत फ्लॉपी विसरलेली. बटण दाबलं, फ्लॉपी बाहेर, मशीन चालू! साहेब हिरमुसले.

"एवढंच? जरा उघडून तरी बघा की राव! सगळ्या ऑफिसला सांगून बसलोय, लई मोठा बिघाड हाय म्हणून!"

मग गुळाच्या अडतीवरच्या आण्णांचा फोन. "मशीन मेलं."

"पिन लावलीया न्हवं?"

"लावलीया की! मी काय खुळा हाय व्हय?"

गेलो. एक्स्टेन्शन बोर्डाची पिन त्याच बोर्डात खुपसलेली! "मोकळी जागा दिसली, घातली," आण्णा म्हणाले. जाताना आम्हाला काकवीची बाटली दिली, तीही तितक्याच थाटात.

टायपिंग क्लासच्या मॅडमनी एकदा दत्तूला रॅम काढून खोडरबरनं घासताना बघितलं. पुढच्या खेपेला फोनवरच म्हणाल्या, "या वेळी आम्हीच घासलं, तरी सुरू होईना." जाऊन बघतो तर कीबोर्डावरची निम्मी अक्षरं गायब!

पण पुढं इंटरनेट आल्यावर माने काकूंच्या घरी झालेल्या बारशाला तोड नाही. मुलगा-सून अमेरिकेत, नातू तिकडंच झालेला, काकूंनी त्याला अजून बघितलंही नव्हतं. म्हणून बारसं कॉम्प्युटरवर! गल्लीतल्या बायका नटून बसलेल्या, घुगऱ्या तयार, आणि स्क्रीन काळा ठिक्कर. तिकडं सून बाळाला मांडीवर घेऊन ताटकळलेली. काकू रडायच्या बेतात. निरोप आला तसे आम्ही दोघं धावत गेलो.

दत्तूनं रॅम घासली, केबली काढून घातल्या. पंखा फिरतोय, पुढं काही नाही. मग त्याची नजर रिसेटच्या गोल बटणावर गेली. कुंकवाचा ठसठशीत टिळा, वर अक्षता! सगळं वाळून बटण आतच चिकटून बसलेलं, मग मशीन पुढं सरकणार कसं!

"काकू! हे कुणी केलं?"

"मीच. शुभकार्य हाय, सकाळी पूजा केली."

"मग बटणावर व्हय?"

"त्याचं कपाळ कुठं असतंय, मला काय म्हाईत!"

दत्तूनं ओल्या रुमालानं पुसलं, बटण टक्कन बाहेर आलं. मशीन चालू! जरा वेळानं बाळ दिसलं, अडखळत अडखळत, पण चांगली जांभई देत. आत्यानं माइकमध्ये नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. काकू मात्र कुंकवाचं बोट तसंच धरून उभ्या. एकदा स्क्रीनकडं बघायच्या, एकदा घाबरत दत्तूकडं.

"लावा काकू," दत्तूचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "काचेला काय हुत न्हाय."

तिकडं सुनेनं ते ऐकलं आणि बाळाला कॅमेऱ्याजवळ आणलं. इतकं जवळ, की स्क्रीनभर नुसतं कपाळच!