रूपालीचा बांबू आणि हेमकांतची फूटपट्टी

माझा धाकटा भाऊ हेमकांत पाटबंधारे खात्यातून रिटायर झाला, पण घरी तोच साहेब. लोणखेड्याच्या घरी ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. समोर चार हातांवर निळं पिंप, त्यात बांबूचं बेट. ते त्याच्या बायकोनं, रूपालीनं लावलं होतं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या हातचं म्हणून घरात जिवंत असं तेवढंच उरलंय, म्हणून हा त्याला जिवापाड जपतो. जपतो कसला, डोंबल!

पावसाळ्यात कोंब वर आले की हा कात्री घेऊन हजर. "साईडले निंघनात," म्हणायचा आणि बुडातून छाटायचा. ऑफिसातली फूटपट्टी लावून जुन्या काठ्यांचे शेंडे एका उंचीत कापायचा. रांग कशी सरळ दिसली पाहिजे! म्हटलं, अरे, ही झाडं आहेत, तुझे शिपाई नाहीत. तर म्हणे, "ताई, तुले काय समजस? मी व्हिडिओ देखेल शे."

झाडलोटीला येणारी कमलीबाई धडगावकडची. बांबूतच वाढलेली बाई. रूपाली गेल्यावर पहिल्याच वर्षी ती म्हणाली, "साहेब, तू लहान कापतो, म्हातारा ठेवतो. उलटं करतो." एक तर तिनं याला शिकवलं, त्यात तू म्हणाली! डोंगरात सगळ्यांनाच तू म्हणतात, हे याला तीस वर्षांच्या नोकरीत कळलं नाही. "तू तुन्हा झाडू मार," म्हणाला. तिनं छाटलेले कोंब पदरात घेतले, घरी भाजी केली. पुढच्या दोन्ही वर्षी तेच. आपण गरिबाला देतोय म्हणून हा वर फुशारक्या मारायचा.

यंदा बेट पिवळं पडलं. पानं सुरळीसारखी वळली. यानं मोबाइलवरून खताच्या बाटल्या मागवल्या, मापट्यानं मोजून पाणी घातलं, ते पिंपाच्या कडेनं वाहून गेलं. एका सकाळी बघते तर हा पिंपाला धरून रडतोय. "ताई, हाई बी गयं तं घरमा काय राहीन?" मला कीव आली, पण राग जास्त आला. म्हटलं, माझ्यापुढे काय रडतोस, कमलीबाईला विचार.

विचारलं एकदाचं, तेही आकाशाकडे बघत. कमलीबाईनं पिंप आडवं पाडलं. आत माती कुठली, नुसत्या मुळ्यांचा गठ्ठा. तिनं करवतीनं तो मधोमध कापला. अर्धा मेलेला निघाला, अर्ध्यात जीव होता. म्हाताऱ्या काठ्या बुडातून काढल्या, चुकून वाचलेले दोन कोंब ठेवले, नवी माती भरली.

"हाई तुले कोनी शिकाडं?" साहेबांचा प्रश्न!

"मला कोण शिकवणार? मीच रूपालीबाईला शिकवलं," ती म्हणाली. "सात वर्षं आम्ही दोघी कापत होतो. दोनदा हे पिंपसुद्धा पाडलं. तू इथंच बसत होता, पेपर घेऊन."

हेमकांत माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगू? मीही मान डोलावली, कारण मी माहेरी यायची तेव्हा ते पाहिलं होतं.

"माले कधी दिखनंच नही," तो म्हणाला.

कमलीबाईनं झाडू घेतला. खुर्चीखाली पाला पडला होता. "साहेब, पाय उचल," ती म्हणाली. त्यानं उचलले.