सागिन बाइकेंचं वाहनतळ

आता आमच्या विद्यापीठाच्या फाटकाला आपोआप वर जाणारा दांडा आहे. मोबाइलवर बटण दाबलं की तो वर जातो, आणि आत जागा नसली की जातच नाही. त्याच्याशी भांडता येत नाही, त्याला शिव्या देता येत नाहीत आणि तो चहाही विचारत नाही. सहा वर्षांपूर्वीपर्यंत त्या जागी सागिन बाइके होते. बाइके म्हणजे दादा. वयानं ते माझ्या वडिलांच्या जवळपासचे, पण सगळे बाइके म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे.

आमचं अंगण सव्वीस गाड्यांचं आणि गाडीवाले प्राध्यापक नव्वद. त्यामुळे सकाळी साडेसातपासून फाटकापाशी युद्धाचा प्रसंग. मी नवी गाडी घेऊन पहिल्यांदा तिथं गेले, तेव्हा बाइकेंनी खिडकीत वाकून विचारलं, "जन्मसाल?"

"काय?"

"जन्म कोणत्या सालचा, बाई?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "तुम्हाला काय करायचंय? लग्न जमवताय की गाडी लावताय?"

"गाडीच लावतोय," ते शांतपणे म्हणाले. "पण कुठं लावायची ते कळायला नको?"

मग कळलं. बाइके गाड्या लावत नव्हते, पाहुणे बसवत होते. आमच्या घरात चादर अंथरून जेवण मांडलं की दारासमोरची सगळ्यात आतली जागा वडीलधाऱ्यांची. तिला आम्ही 'तोर' म्हणतो. वय कमी होत जाईल तसं माणूस दाराकडे सरकतं आणि सगळ्यात धाकटा उंबऱ्याशी बसून चहा ओततो. बाइकेंनी हाच नियम अंगणाला लावलेला. सगळ्यात आत, तुतीच्या झाडाखाली, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या प्रोफेसर ओमोरांची पांढरी गाडी. मग सत्तरीतले, साठीतले, अशी उतरती रांग, आणि फाटकाशी चिखलात आमचे चौतीस वर्षांचे उपप्रमुख बेकतुर. गाड्या इतक्या खेटून लावलेल्या असत की मधून जायला माणसाला मांजर व्हावं लागे.

आता यात एक गोची होती, ती बाइकेंखेरीज सगळ्यांना दिसत होती. घरात म्हातारा तोरवरून उठला तर माणसं गुडघे बाजूला घेतात. गाड्यांना गुडघे नसतात. प्रोफेसर ओमोरांना घरी जायचं असेल, तर आधी पंचवीस जणांनी जायला हवं. विद्यापीठातला सर्वांत मानाचा माणूस रोज सगळ्यांच्या शेवटी घरी पोचायचा, तोही टपावर तुतीचे जांभळे डाग घेऊन.

"बाइके, किल्ल्या तरी तुमच्याकडे ठेवून घ्या," मी एकदा म्हटलं. "मधली गाडी काढायची तर तुम्हीच काढाल."

"मला कुठं येतं गाडी चालवायला?" ते म्हणाले.

वाहनतळ सांभाळणाऱ्या माणसाला गाडी येत नव्हती! त्यामुळे व्हायचं असं, की मी इतिहासाच्या वर्गात एखाद्या राजाला नुकतं गादीवर बसवलेलं असायचं आणि खालून हाक यायची, "बुरुलबाई! लाल गाडी! भूगोलवाल्यांच्या पोटात दुखतंय, त्यांना बाहेर पडायचंय!" पोरं खो-खो हसायची, राजा तसाच लटकत राहायचा आणि मी खाली धावायचे. बेकतुरनं तर दोन वेळा कुलगुरूंकडे लेखी तक्रार केली. कुलगुरूंनी दोन्ही वेळा बाइकेंना बोलावून घेतलं, पण त्यांची स्वतःची गाडी आतून तिसरी, मानाची. ते कशाला काही बोलतील?

प्रोफेसर ओमोर मात्र कधी कुरकुरले नाहीत. संध्याकाळी ते बाइकेंच्या खोपटात दुधाचा चहा पीत, नान मोडत बसायचे. मला उशीर झाला की मीही जाऊन बसायचे. बाइकेंचं मागचं आयुष्य मला कळलं ते तिथंच.

तरुणपणी ते आमच्या शहरातल्या 'चोलपोन' सिनेमाघराचे रंगारी होते. दर सोमवारी कापडावरचं जुनं चित्र धुऊन टाकायचं, कापड वाळवायचं, खडूनं चौकोन आखायचे आणि सरसात कालवलेल्या रंगानं नव्या सिनेमाचं चित्र काढायचं. पुढच्या सोमवारी तेही पाण्यात जायचं. अशी हजारभर चित्रं त्यांनी काढली आणि एकही उरलं नाही. फोटो काढावा असं कुणाच्या मनात आलं नाही, त्यांच्याही नाही.

सुरुवातीला ते सिनेमा न बघताच रंगवायचे. वरून एक कागद यायचा, त्यात गोष्टीच्या चार ओळी. एका कागदात लिहिलेलं, 'स्वार निरोप घेऊन येतो.' बाइकेंनी चाळीस घोडेस्वार रंगवले, धुरळ्यासकट. डोंगरातून मेंढपाळ ट्रक भरभरून खाली आले. सिनेमात घोडा एकच, तोही खांबाला बांधलेला. बाकी दोन तास माणसं टेबलाशी बसून बोलत होती. खेळ सुटल्यावर एका म्हाताऱ्यानं बाइकेंना बाहेर गाठलं आणि विचारलं, "बाकीचे एकोणचाळीस कुठं आहेत?"

"काय उत्तर देणार?" बाइके सांगायचे. "कळप वाऱ्यावर सोडून आलेला माणूस तो. मला मान वर करता येईना."

त्या दिवसापासून त्यांनी सिनेमा आधी बघितल्याशिवाय कुंचला उचलला नाही. पडद्यावर जे नाही ते कापडावर नाही. एका विनोदी सिनेमाच्या चित्राखाली त्यांनी लिहिलं होतं, 'पहिला अर्धा तास हसू येत नाही, धीर धरा.' व्यवस्थापकानं डोक्याला हात लावला, पण लोक यायचे. ब्याण्णव साली सिनेमाघर बंद पडून तिथं सोफ्यांचं दुकान झालं आणि बाइके फाटकावर आले.

त्यांना एकच मुलगी, पेरिझात. सिनेमाघर बंद झालं तेव्हा चार वर्षांची. बापानं काढलेलं एकही चित्र तिला आठवत नव्हतं, आठवायचा तो फक्त सरसाचा वास. एकोणिसाव्या वर्षी ती रशियात नोवोसिबिर्स्कला कामाला गेली आणि बारा वर्षांत तीनदा आली. रोज फोनवर दिसायची. बाइके फोन लांब धरून बसायचे, कारण जवळून दिसायचं नाही. एकदा ते मला म्हणाले, "बाई, तिला वाटतं बाप फाटकावरच जन्मला. तिचं काही चुकत नाही. माझ्याकडे दाखवायला आहे काय?"

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं, आणि मी नको तो शहाणपणा केला. तिलेक नावाचा माझा जुना विद्यार्थी सिनेमे काढायला लागला होता. त्याला मी बाइकेंची गोष्ट सांगितली. तो उडालाच. चार दिवसांनी माणसं घेऊन आला आणि बाइकेंना म्हणाला, "मला एक मोठं चित्र काढून द्या. जुन्यासारखं. कोणत्याही सिनेमाचं, तुमच्या मनातल्या. आम्ही तुम्हाला काढताना कॅमेऱ्यात टिपू, मग चित्र टिपू."

बाइकेंनी रजा घेतली. आठ मीटर लांब आणि पाच मीटर रुंद कापड, तिलेकच्या गोदामात. काय काढलं ते आम्हाला सांगायला तयार नाहीत. "पडद्यावर बघा," एवढंच. त्या आठवड्यात अंगणात वयाची शिस्त मोडली. जो तो हवं तिथं घुसला, दोघांचे आरसे फुटले आणि स्वतः बेकतुर विचारायला लागला, "हे बाइके परत कधी येणार?"

ऑक्टोबरात सिनेमाची जाहिरात झळकली. शहरभर बाइकेंचा चेहरा, सुरकुत्यांसकट, आणि वर मोठ्या अक्षरांत, 'शहराचा शेवटचा चित्र-रंगारी'. मोबाइलवरच्या झलकेत त्यांचा हात, कुंचला, डोळ्यांतलं पाणी, मागे कोमुझ या आमच्या तीनतारी वाद्याची तार. मी वर्गात ती तीनदा लावली. बाइकेंनी पेरिझातला फोन केला. ती सुट्टी काढून आली. रविवारच्या दुपारच्या खेळाला बाइकेंनी अख्खं विद्यापीठ बोलावलं. स्वतः मात्र सिनेमा आधी बघितला नव्हता. तिलेक म्हणाला, "बाइके, तुमचाच सिनेमा, तुम्ही कशाला आधी बघायचा?" आणि त्यांनी लाजून मान डोलावली.

सिनेमा होता दोन मित्रांचा. लग्नाच्या हॉलमध्ये चुकीची नवरी, केकमध्ये तोंड, काकूच्या अंगावर सूप. पोटभर धिंगाणा. पाऊण तासानं ते मित्र एका गोदामात लपायला शिरतात, तिथं बाइके पाठमोरे रंगवताना दिसतात. एक मित्र रंगाच्या बादलीत पाय घालतो आणि पळतो. संपलं. अर्धं मिनिटही नसेल. चित्र तर दिसलंच नाही.

दिवे लागले. लोक हसले होते बऱ्यापैकी, पण आमच्या चार रांगांत कुणी कुणाकडे बघेना. पेरिझात बापाचा हात धरून बसलेली. बाइके उठले, दाराशी जाऊन उभे राहिले आणि बाहेर पडणाऱ्या आमच्यातल्या प्रत्येकाला म्हणायला लागले, "माफ करा. मी बोलावलं होतं. माफ करा."

प्रोफेसर ओमोरांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "सागिन, वीस वर्षं मला त्या तुतीखाली कोंडून ठेवलंस, एकदा माफी मागितली नाहीस. आणि आज ही कशाची मागतोस?"

सगळे हसले. बाइके हसले नाहीत. मला तिथं जमीन दुभंगून आत जावंसं वाटत होतं. सगळं घडवून आणलं होतं मी.

बाहेर येऊन मी तिलेकला फोन लावला.

"लाज वाटत नाही तुला? त्या माणसाचा चेहरा भिंतीभिंतीवर लावलास आणि सिनेमात त्याची पाठ?"

"एजे, ऐका ना," तो रडवेला झाला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात आणि अडचणीत आलं की जरा जास्तच म्हणतात. "निर्माते म्हणाले, दुःखानं लोक दारापर्यंत येतात, आत बसवायला हसू लागतं. त्यांनी कापलं. माझं काही चाललं नाही."

"चित्र कुठंय?"

"गोदामात. गुंडाळून."

"बाइकेंची मुलगी मंगळवारी जातेय. उद्या नऊ वाजता चित्र विद्यापीठाच्या अंगणात पाहिजे. नाही आणलंस तर मीच तुझ्या निर्मात्याकडे जाते."

सोमवारी नऊ वाजता तिलेक खरंच आला, ट्रकमधून. पेरिझातला मी काहीतरी निमित्त सांगून बोलावून घेतलं होतं. पण माझं डोकं बघा, मी हे विसरले की सोमवारी नऊला अंगण गच्च भरलेलं असतं. सव्वीसच्या सव्वीस गाड्या, खेटून. कापड उलगडायला वीतभर जागा नाही. भिंतीवर टांगावं तर तेवढी मोकळी भिंत नाही. बाइके गुंडाळीकडे बघून म्हणाले, "न्या हे. रस्ता अडतोय."

"बाइके!"

"बाई, तासाची वेळ झाली. लोकांना त्रास नको. कालचा पुरे झाला."

तेव्हा बेकतुर पुढं झाला. तोच, दोन तक्रारींवाला. तो गाड्यांकडे बघत होता. "एवढ्या खेटून लावल्यात," तो म्हणाला, "की वर जेवायला बसता येईल." आणि सूट-बूट घातलेला तो माणूस स्वतःच्या गाडीच्या नाकावर चढला आणि त्यानं कापडाचं एक टोक ओढलं.

मग कुणी थांबलं नाही. भूगोलवाले, रसायनवाले, खानावळीतल्या बायका, जो तो एक कडा धरून गाड्यांच्या मधून अंग चोरत आत सरकला. कापड टपांवरून टपांवर उलगडत तुतीच्या दिशेनं गेलं. खालून कुणाला काही दिसत नव्हतं, नुसता रंगांचा पसारा. मी पेरिझातचा हात धरला आणि तिला ओढत तिसऱ्या मजल्यावर वाचनालयात नेलं. खिडकी उघडली.

खाली बसचं दार होतं. दारात एक पाय पायरीवर ठेवलेली मुलगी, खांद्यावर निळी पिशवी, आणि तिनं मान वळवून मागे बघितलेलं. सरळ आपल्याकडे. एका कोपऱ्यात ओल लागून रंग ओघळले होते. सिनेमाचं नाव कुठंच नव्हतं. त्या मुलीचं वय एकोणीस असेल. पेरिझात एकतीस वर्षांची माझ्या शेजारी उभी होती, तेच नाक, तीच हनुवटी.

 ती खिडकीची चौकट धरून म्हणाली, "एजे, त्या दिवशी मी मागे वळून पाहिलंच नव्हतं."

खाली बाइके दोन गाड्यांच्या फटीत उभे होते, हातात कापडाची कडा, मान वर करून.

"पेरिझात!" ते ओरडले. "दिसतंय का गं?"

ती खिडकीतून निम्मी बाहेर वाकली. मी तिचा कोट मागून घट्ट धरून ठेवला.

"दिसतंय, बाबा," ती म्हणाली. "बघतेय मी."