द्राक्षाच्या शेडमधली पिवळी पट्टी

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं शाळा मला आवडली नाही आणि शाळेला मी. पण रंगाचं मला कुणी शिकवायला येऊ नये. सातपूरला एका कंपनीत मी वर्षानुवर्षं पेंट शॉपला होतो.

काम साधं होतं. पत्र्याचा माल हुकांना टांगायचा. चेन पुढं सरकायची, मालावर रंग बसायचा, भट्टीतून भाजून तो पलीकडं निघायचा. माल जायचा, हूक परत यायचा. दर फेरीला हुकावर एक थर चढायचा. चढता चढता हूक अंगठ्याएवढा जाड झाला की तो भंगारात. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी असला एक हूक कानशीनं तिरपा घासला. आत लाल, करडा, पिवळा, निळा, परत लाल. एकेक रंग पोस्टकार्डाएवढा पातळ. आम्ही काय काय रंगवलं ते सगळं त्याच्यात बसलेलं. मी तो खिशात घालून घरी आणला. मग दुसरा आणला. वॉचमनला वाटायचं, माणूस सरकला. वाटू दे.

नव्वद साल सरत आलं तेव्हा कंपनीला टाळं लागलं. आमची मंडळी त्याच्या आधीच देवाघरी गेली होती. पोरगा पुण्याला. दोन खोल्या, वर गच्ची, आणि दिवस एवढा मोठा की संपता संपत नाही. मी गच्चीवर हूक टांगायला लागलो. मग त्यांच्याबरोबर दुसरं काही काही. खोक्यांना बांधतात ती प्लॅस्टिकची पॅकिंग पट्टी, पिवळी, निळी, हिरवी. कंपन्यांच्या गेटबाहेर तिचे ढीग पडलेले असायचे. कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या. ठिबकच्या काळ्या नळ्या. कशाचं चित्र करायचं नव्हतं मला. पिवळ्याशेजारी लाल किती ठेवलं की दोघं भांडतात आणि किती ठेवलं की नांदतात, एवढंच बघायचं होतं.

"काका, गणपतीची आरास का?" गल्लीतलं कुणी ना कुणी विचारायचं.

"नाही."

"मग काय हाय हे?"

"दिसतंय ते हाय."

शेजारची बाई म्हणायची, "दिसतंय ते दिसतंय, पण काका, माझ्या गोधड्या वाळत घालायला एक दोरी तरी सोडा!" मंडळाची पोरं एकदा खरंच आली, म्हणाली मखर करून द्या. मी हाकलून दिली. पोरगा पुण्याहून आला की आधी गच्चीकडं बघायचा, मग माझ्याकडं, आणि मग चहा मागायचा. विचारायचे सगळे. बघायचं कुणी नाही. विचारून झालं की माणूस निघालाच.

चेनच्या दुसऱ्या टोकाला माल उतरवणारा एक गडी होता, दिंडोरीकडचा, माझ्यापेक्षा थोडा लहान. कंपनी बंद झाल्यावर तो गावाला आपल्या द्राक्षबागेत गेला. एक दिवस भाजी बाजारात भेटला. माझ्या हातात भंगारातल्या पट्टीचं भेंडोळं बघून म्हणाला, "दादा, माझं पॅकिंगचं शेड माल निघून गेला की मोकळंच असतं. तिथं कर तुझं. गच्चीवर काय वाऱ्याशी झोंबतो?"

तिथून पुढं काही वर्षं मी दर पावसाळ्यात एस.टी.नं त्याच्याकडं जायचो आणि बागेचा माल निघायच्या आधी सगळं उतरवून घ्यायचो. शेड उंच. वर छपराला पेलणाऱ्या लोखंडी कैच्या. मनासारखं टांगता यायचं. तो बागेतून आला की क्रेट पालथा घालून बसायचा, तंबाखू मळायचा आणि बघायचा. तास तास. त्यानं कधी म्हणजे कधी विचारलं नाही की हे काय हाय. त्याची बायको दारातून ओरडायची, "भाऊजी, आमच्यात टीव्ही नाय का? दोघं म्हातारे पट्टीकडं बघत बसलेत!" तो हसायचा, उठायचा नाही.

खरं सांगायचं तर मी पट्टीसाठी कमी आणि त्याच्या त्या बसण्यासाठी जास्त जायचो. जगात एक माणूस आहे ज्याला विचारावं लागत नाही, एवढं मला पुरे होतं.

एका साली मी सगळ्यात मोठं काम केलं. या कैचीपासून त्या कैचीपर्यंत पिवळी पट्टी, झोळ देऊन, थरावर थर. एका अंगाला दाट, पुढं विरळ होत गेलेली. मधून निळ्याची एकच धार. खाली वजनाला माझे जुने हूक, घासलेले, म्हणजे टोकाला सगळे रंग. बाजूचा पत्रा काढला की ऊन आत यायचं आणि अख्खं शेड पिवळं व्हायचं, तो आणि मीसुद्धा. दिवाळी तिथंच गेली माझी.

मग पोरानं मोतीबिंदूचं काढलं. ऑपरेशनसाठी पुण्याला नेलं. जाताना मी दोस्ताला म्हणालो, "माल निघायच्या आत येतो आणि उतरवतो."

"जा निवांत," तो म्हणाला. "मी हाय ना."

डोळ्यावरची पट्टी सोडली तेव्हा पोराच्या घरातली निळी बादली बघून मी दचकलो. एवढा निळा? म्हणजे इतकी वर्षं मी मळक्या काचेतून बघत होतो. मला एकच घाई झाली, शेडमधली निळी धार या डोळ्यानं बघायची. डॉक्टरांनी धूळ टाळा सांगितलं, सूनबाईनं गाडीत बसू नका सांगितलं. मी काळा चष्मा लावून एस.टी.त बसलो.

शेडमध्ये क्रेट रचलेले. वर कैच्या रिकाम्या. हूक एका घमेल्यात.

तो बागेच्या टोकाकडून हात हलवत आला. "दादा! आलास? ये ये, बघ तरी!" माझा हात धरून बागेत नेलं. द्राक्षाच्या मण्यांत पाणी भरलेलं होतं, गोडी चढत होती, म्हणजे पाखरांचे दिवस. पाखरं हाकलायला दरवर्षी लोक जुन्या कॅसेटची टेप बांधतात, चमकी बांधतात, साड्या टाकतात. याच्या बागेत ओळीओळीवर माझी पट्टी. पिवळी, मधे मधे निळी, कापून, गाठी मारून, तारेला बांधलेली.

"एक बुलबुल फिरकत नाय," तो म्हणाला. "शेजारचे विचारायला येतात, कुठून आणली म्हणून. मी सांगतो, आमच्या दादानं केली. लय दिवस खपला."

मी म्हणालो, "कुणाला विचारून कापलीस?"

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. "विचारायचं काय त्यात? तू पाखरांसाठीच करत होतास ना? पहिल्या साली बघितलं तेव्हाच मी ओळखलं. म्हणलं, वाऱ्याला कशी हलती, उन्हाला कशी चमकती, ते बघतोय दादा. जमलं की सांगंल. दर साली उतरवून न्यायचास, म्हणलं, अजून नाय जमलं वाटतं. यंदा बघितलं आणि म्हणलं, जमलं!"

म्हणजे इतकी वर्षं तो तिथं बसून पाखरांचा हिशोब करत होता. त्यानं विचारलं नाही, कारण त्याला उत्तर माहीत होतं.

वारा आला. सगळी बाग एकदम हलली. नव्या डोळ्याला ते सहन होईना इतकं पिवळं. वाऱ्यावर पट्टी अशी वळणं घेत होती की शेडमध्ये मला तशी कधी देता आली नव्हती. चांगलं दिसत होतं. ते मी नाकारत नाही. पण ते मी केलेलं नव्हतं.

"पाखरांसाठी नव्हतं," मी म्हणालो.

"मग कशासाठी होतं?"

झालं. विचारलं त्यानं.

मी घमेल्यातले हूक पिशवीत भरले. वहिनी म्हणाली, भाऊजी, भाकरी टाकलीय, जेवून तरी जा. मी जेवलो नाही. एस.टी.च्या फाट्यापर्यंत तो मागं मागं आला. "दादा, मी वाईट केलं का? नवीन आणून देतो पट्टी. अरे, बोल की!" गाडी आली, मी चढलो.

पाऊस सुरू झाल्यावर तो घरी आला. पाठीवर गोणी. गोणीत माझी पट्टी, सगळी सोडवून आणलेली, धुतलेली, कोथिंबिरीच्या जुड्या बांधतात तशा जुड्या बांधून. उन्हानं पिवळ्याचं पार ताक झालेलं, निळा राखाडी. त्यानं गोणी खाली ठेवली आणि म्हणाला, "शेड मोकळं हाय."

मी पंधरवडाभर गेलो नाही. मग गेलो, कारण गच्चीवर काही होत नव्हतं. ताकाच्या रंगातली पट्टी मी वर चढवायला लागलो. उडालेल्या रंगाशेजारी काय ठेवावं ते मला अजून सुचलेलं नव्हतं.

संध्याकाळी तो बागेतून आला. आत आला नाही. दाराशी थांबून म्हणाला, "येऊ का?"

याआधी त्यानं कधी विचारलं नव्हतं, त्याचंच शेड ते. मी शिडीवर होतो. "ये," म्हणालो.

मागं क्रेट सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच नाही. तो माझ्या कामाकडं बघत होता, का माझ्या पाठीकडं, का उठून निघून गेला, ते मला कळेना. मी गाठी मारत राहिलो. अंधार पडेपर्यंत मी मागं वळलो नाही.