नियमात नसलेला पोळा

तहसील कचेरीत अठरा वर्षं काढल्यावर नियमाबाहेरचं काही दिसलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. मला तरी होतं. म्हणून नेरला आमचा रविवारचा खेळ सुरू झाला तेव्हा सूत्रधार कोणी व्हायचं यावर चर्चाच झाली नाही. भाच्याने पुण्याहून आणलेलं जाडजूड पुस्तक माझ्याकडे होतं, आणि त्यात लिहिलंय त्याच्या बाहेर मी बोटभरही सरकणार नाही याची सगळ्यांना खात्री होती.

खेळ सांगायला सोपा आहे. सूत्रधार गोष्ट सांगतो: समोर नदी आहे, पलीकडे गड आहे, गडावर शत्रू आहे. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. कशाला कमीत कमी किती आकडा लागतो ते पुस्तकात दिलेलं असतं. पात्र मेलं की मेलं. त्याचा कागद फाडायचा आणि नवीन पात्र घ्यायचं.

आम्ही चौघं होतो. मी, मेडिकलचं दुकान चालवणारे नवरा-बायको आणि शाळेत गणित शिकवणारे एक सर. रविवारी दुपारी दुकान बंद झालं की मागच्या खोलीत सलाइनच्या खोक्यांमध्ये सतरंजी टाकून बसायचो. नवरा-बायको लगेच रमले. जंगलात वाघाची चाहूल लागली असं मी पहिल्या दिवशी नुसतं म्हणालो, तर ताईंनी नवऱ्याचा दंड धरला तो चहा येईपर्यंत सोडला नाही.

सरांचं तसं नव्हतं. आग ओकणारा साप म्हटलं की ते विचारणार, पोटात आग ठेवून साप जगते कसा? मग माझं उत्तर न ऐकताच म्हणणार, "ते सोडा, किती लागते ते सांगा." मी आकडा सांगायचो, ते कागदावर शंभरात किती शक्यता आहे ते काढायचे आणि मगच फासा उचलायचे. वर माझ्यावर पाळत. कंदिलाला तेल किती, दोर किती हात, सगळं विचारायचे. मी पुठ्ठ्याच्या आडोशाला माझा फासा टाकायचो तेव्हाही त्यांची नजर पुठ्ठ्यावर. एकदा चिडून मी म्हणालो, "सर, कधीतरी जरा खरं मानून पाहा की."

"मानायचं काय हाय त्यात? आकडा आला तं आला, नाई तं नाई."

मला सर आवडायचे ते यामुळेच, आणि त्यांचा राग यायचा तोही यामुळेच.

पुस्तकात आमच्या उपयोगाची घोडागाडी होती. घोडा कोणाला माहीत, म्हणून सर्वानुमते घोडा खोडून बैल लिहिले. हा मी केलेला एकमेव बदल. सर गाडीवान झाले. डोंगरातल्या गावांना औषधं पोहोचवायचं काम त्यांच्या गाडीकडे होतं, आणि गाडीला एक पांढरा आणि एक तांबडा असे दोन बैल होते. दीड वर्ष तो गाडीवान टिकला. ताईंची तेवढ्यात तीन पात्रं मेली, त्यांच्या नवऱ्याची पाच. सरांचं एकही नाही, कारण शक्यता काढल्याशिवाय ते पाऊलच टाकत नसत.

त्या वर्षी पोळ्याची स्थानिक सुट्टी होती, म्हणून रविवार सोडून आम्ही पोळ्यालाच बसलो. चूक तिथे झाली आणि ती माझी होती. मी यवतमाळ शहरात वाढलो. शेत नाही, बैल नाहीत. पोळा म्हणजे मला पुरणपोळी आणि संध्याकाळी तोरणाखालची गर्दी. आदल्या दिवशी जू वाहून दुखावलेली बैलांची खांद हळद-तूप लावून शेकतात, उद्या जेवायला या असं त्यांना आवतण देतात आणि पोळ्याला त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे मला माहीत होतं, पण ते माहीत असण्यापुरतंच. सरांनी उन्हाळ्यात आपली जोडी विकली हेही माहीत होतं. तीन एकरांना ट्रॅक्टर पुरत होता आणि चारापाणी करायला घरी माणूस नव्हतं. त्यांच्या गोठ्याचा तो पहिला रिकामा पोळा होता. यातलं काहीही माझ्या डोक्यात आलं नाही. मी आठवडाभर खपून पुराचा प्रसंग तयार केला होता.

प्रसंग असा होता. गाडी कोरड्या नदीच्या पात्रात, बैल सोडलेले. ताई आणि त्यांचे यजमान औषधं डोक्यावर घेऊन आधीच काठावर पोहोचले आहेत. वरच्या अंगाला शत्रूने बांध फोडला आणि पाणी सुटलं. बैल जुंपून गाडी हाणली तर वीसपैकी पाच आकडा पुरे. पायी पळायचं तर अठरा.

मी दोन्ही आकडे सांगितले. सरांनी पेन्सिल उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"म्या नाई जुपत," ते म्हणाले.

"काहून?" ताई ओरडल्याच.

"आज पोळा हाय."

मला वाटलं गंमत करताहेत. म्हणालो, "सर, पोळा नेरला आहे. खेळातल्या खोऱ्यात पोळा नाही, तसं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही."

"खोरं तुमचं असन. बैल माहे हायेत."

"असं काहून करून राह्यले सर? मरसान ना तुमी," ताई म्हणाल्या. त्यांच्या यजमानांनी चक्क हात जोडले. सरांनी कोणाकडे पाहिलं नाही. बैलांचे दोर कापतो, त्यांना काठाकडे हाकलतो आणि मग पळतो, असं त्यांनी सांगितलं. मला रागच आला. दीड वर्ष ज्या माणसाने माझा एक साप खरा मानला नाही, तो माझ्याच बैलांपायी माझाच प्रसंग उधळत होता.

पुराचा फासा टाकायचं काम सूत्रधाराचं. मी पुठ्ठ्याआड टाकला. सात.

सात म्हणजे संपलं. मी त्या आकड्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "अठरा."

ताईंनी टाळी वाजवली. सरांनी हात लांबवून पुठ्ठा बाजूला केला.

"सात हाय हा."

माझे कान तापले होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत खोटी नोंद केली नव्हती आणि पहिली केली ती तीन सेकंदांत पकडली गेली.

"थापा कायले मारता?"

"जाऊ द्या ना सर. दीड वर्षाचा गाडीवान आहे. सणाच्या दिवशी कशाला."

"तुमी मले असं वाचवलं तं म्या बैल नाई जुपले त्याले काय अर्थ राह्यला?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण वर्गात असाच असणार असं मला वाटलं. "फुकटात तं पोळा कोनीबी पाळते. लागते ते घ्या."

त्यांचं बरोबर होतं. नियमांचा रखवालदार मी, आणि नियम कशासाठी असतात ते मला त्यांच्याकडून ऐकावं लागलं. फार वाईट वाटलं, आणि थोडा हेवाही. मी कशासाठीच असा अडून बसलो नव्हतो.

"सर, तुम्ही वाहून गेलात," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. गाडीवानाचा कागद आडवा फाडला, मग उभा, आणि तुकडे शर्टाच्या खिशात ठेवले. ताई रडत होत्या. त्यांचे यजमान चहाचं पाहतो म्हणून उठले.

"अन् बैल?" सरांनी विचारलं.

मी पुस्तक उघडलं. गाडीचं प्रकरण पाहिलं, पुराचं पाहिलं, जनावरांचं पाहिलं. मालक मेल्यावर मोकळ्या जनावरांचं काय होतं याबद्दल एक ओळ नव्हती. पुस्तक मिटलं. फाशाला हात लावला नाही.

"लागले काठाला."

"दोघंबी?"

"दोघंही."

दीड वर्षात माझं एक वाक्य सरांनी आकडा पाहिल्याशिवाय मानलं नव्हतं. हे मानलं.