बाहेर आलेलं पाणी

"आधी पाणी. मग बाकीचं." सरांच्या दारात चप्पल काढायच्या आत हे कानावर पडायचं, आणि मागोमाग वहिनी पाण्याचा पेला घेऊन यायच्या. वर्गातही तेच. पुस्तकातला पहिला धडा कोणताही असो, सर अकरावीच्या पोरांना जीवशास्त्र पाण्यापासून शिकवायचे. पेशी नंतर, रक्त नंतर, पानं-फुलं नंतर.

मी लातूरची. नांदेडकडच्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले, तेव्हा आमचं पहिलं भांडण ह्यावरूनच झालं. मी म्हणाले, "सर, रेणू, बंध, ध्रुवीयता हे सगळं माझ्या विषयाचं. तुम्ही कशाला शिकवून राहिलात?"

"तुमचं पाणी परीक्षानळीतलं, मॅडम. आमचं अंगातलं," ते म्हणाले आणि खडू उचलून वर्गावर गेले.

मी मागून जाऊन दारात उभी राहिले. टेबलावर काठोकाठ भरलेला पेला. "ह्यात अजून किती टाचण्या मावतील?" पोरं म्हणाली, एक, फार तर दोन. सर एकेक टाचणी सोडत गेले. पाणी काठाच्या वर फुगलं, पण सांडेना. "बघा, एकेक रेणू शेजारच्याला धरून हाय. बंध लई कमजोर. पण सगळ्यांनी धरलं की कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढतं, मोटार न लावता." मागच्या बाकावरची पोरं उभी राहून बघत होती. मी गप स्टाफरूममध्ये परत आले.

आता खरं सांगते. सरांचं घर बौद्धाचं. मूळचे बिलोलीकडचे. आणि आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांना त्यांच्या घरी गेलं की तहानच लागत नसे. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. आजकाल तोंडावर कोण काय बोलतंय? "आत्ताच पिऊन आलो", "घसा धरलाय, मी कोमटच पितो", "आज माझा उपवास." चतुर्थीच्या उपवासाला पाणीसुद्धा चालत नाही हे मला त्याच घरात कळलं. मी स्वतः पहिल्या दिवशी प्याले ते तहान लागली होती म्हणून. त्यात माझं कसलंच मोठेपण नाही.

सगळ्यांत तयारीचे आमचे उपप्राचार्य. सरांच्याच गल्लीत राहायचे. रोज सरांच्या स्कूटरवर मागे बसून कॉलेजात यायचे. मुलीची मेडिकलच्या परीक्षेची तयारी सरांकडून करून घेतली, तीही त्यांच्याच बैठकीत बसून. आणि पाणी? पिशवीत स्वतःची बाटली. फाटकाबाहेर गेले की झाकण उघडायचे. शिकलेला माणूस हो! राग येणार नाही तर काय होणार?

सर मात्र रागावताना दिसायचे नाहीत. त्यांचा एक नेम होता. "बाहेर आलेलं पाणी परत आत जाणार न्हाई." पाहुण्यानं नको म्हटलं की सर तो पेला उचलायचे, त्याच्यासमोर सावकाश प्यायचे, मिशा पुसायचे आणि म्हणायचे, "गार हाय. माठातलं." समोरचा चुळबुळत बसायचा आणि मला हसू आवरायचं नाही.

एकदा मी विचारलं, हे कशाला? तेव्हा ते हसले नाहीत. "पेला परत उचलून न्यावा लागतो तो तिला, मॅडम. नेताना तिचं तोंड बघितलंय मी." मग म्हणाले, "दुसऱ्याचं सोडा. पण ह्या उपप्राचार्यानं एकदा तरी माझ्या घरचं घोटभर प्यावं. रोज स्कूटरवर पाठीशी बसवून फिरवतो मी त्याला."

पुढे सरांच्या किडन्या गेल्या. नांदेडला डायलिसिस सुरू झालं आणि दिवसाचं पाणी मोजून मिळू लागलं. पाणी शिकवणाऱ्या माणसाला पाणी बंद! काय म्हणावं ह्याला, कपाळ! मी बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या घेऊन गेले तर माझ्यावरच डाफरले. "मीठ हाय त्यात. रक्तात मीठ वाढलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, मेंदू तहान तहान करतो. परासरण विसरलात का?" गालात बर्फाचा खडा धरून बोलायचे. बर्फ वितळायला उष्णता लई लागते, म्हणून तो पाण्यापेक्षा पुरवून खाता येतो, हेही सांगून झालं.

त्या उन्हाळ्यात उपप्राचार्य भेटायला आले. मी तिथंच होते. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. वहिनींनी पेला पुढं केला. उपप्राचार्यांनी छातीवर हात ठेवला. "छे छे, वहिनी! सरांना पाणी वर्ज्य, आणि मी त्यांच्या देखत पिऊ? माणूस आहे मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं खोटी कारणं शोधणाऱ्याला सरांच्या आजारानं चांगलं कारण आयतं दिलं होतं.

"किडन्या माझ्या गेल्यात वो, तुमच्या न्हाईत," सर म्हणाले. "प्या."

"नको, मनाला पटत नाही."

"मग फाटकाबाहेर पटंल का?" मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वहिनी पेला घेऊन वळल्या. सरांनी त्यांचा हात धरला, पेला काढून घेतला आणि तोंडाला लावला. "अहो, काय करून राहिलात!" वहिनी ओरडल्या. सरांनी तळापर्यंत प्यायला. ह्या वेळी गार हाय वगैरे काही म्हणाले नाहीत. "पथ्य सांभाळा सर," असं सांगून उपप्राचार्य निघून गेले.

संध्याकाळी सरांना श्वास घेता येईना. गाडी करून आम्ही त्यांना नांदेडला नेलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना वाट्टेल ते बोलले. "कुणासाठी जीव देऊन राहिलात? त्या माणसासाठी? अक्कल हाय का तुम्हाला?" त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "मग काय, तिला परत न्यायला लावू?"

मी त्यांच्यावर चिडलेलीच घरी आले. त्यातून ते उठले, पण दिवाळी काही त्यांनी पाहिली नाही. त्या एका पेल्यानं गेले असं कुठलाच डॉक्टर म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. माझा राग मात्र अजून तसाच आहे.

सरांच्या पुण्यानुमोदनाला, बौद्धांतल्या श्रद्धांजलीच्या विधीला, अंगणात मांडव होता. कोपऱ्यात सीलबंद पाण्याच्या छोट्या बाटल्यांची खोकी. मी सरांच्या पुतण्याला बाजूला घेतलं. "ह्या घरात बाटल्या? लाज न्हाई वाटली मागवताना?" तो बिचारा खुर्च्या सरळ करायला लागला. तिकडं उपप्राचार्य माईकवर बोलत होते. सर पाण्यासारखे निर्मळ होते म्हणे, कुणातही मिसळायचे. टाळ्या पडल्या नाहीत एवढंच. मग खुर्चीत बसून त्यांनी एक बाटली उघडली आणि सगळ्यांसमोर, त्या अंगणात, घटाघटा प्याले.

पांढऱ्या साडीतल्या वहिनी माझ्या शेजारी बसून बघत होत्या.

"वहिनी, ह्या बाटल्यांचं मी पुतण्याला बोलले," मी म्हणाले. "शोभत न्हाई हे सरांच्या घरात."

"त्याला कशाला बोललात वो? मीच मागवल्यात." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पेला परत आला असता, तर आता प्यायला कोण हाय?"